मधली मोकळी जागा

जालना,
१६ जानेवारी २०२५

बाई,

आधी पाया पडते. भाऊजींना पण सांगा.

तुमच्या शेजारचे तातेराव भाजी घेऊन मार्केटला आल्ते, त्यांच्याच हाती ही चिठ्ठी आन् तिळाच्या पोळ्या पाठवून राह्यले. तुम्ही माझा फोन उचलत न्हाई. जालन्याचं घर सोडून हसनाबादला गेल्यापासून एकदाही उचलला न्हाई. मी रोज लावत बसले तर तुम्हालाच ताप. त्यापेक्षा कागद बरा. वाचावासा वाटला न्हाई तर बाजूला ठेवता येतो, आन् दुपारी घरात कोणी नसताना परत उचलता येतो.

इकडं सगळे बरे आहेत. तुमचे धाकटे दीर सळईच्या कारखान्यात आहेत तिथंच आहेत, डोळ्याला चष्मा लागला तेवढंच. संक्रांतीला कोपऱ्यावरच्या तुमच्या घरापुढचं झाडून घेतलं, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. घर चांगलं आहे. मागच्या खिडकीची काच फुटल्ती, ह्यांनी बसवली.

एक वाईट झालं. मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्यांत मालनबाई राहते, माझ्याकडं भांडी घासायला येते. तिच्या बबलूला दिवाळीच्या सुट्टीत टेम्पोनं उडवलं. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळत होती. चेंडू गटाराकडं गेला, हा मागं पळाला. पायाचं हाड मोडलं. त्याला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी भेटायला गेल्ते, तर मालनबाई म्हनली, "ताई, पोराला घरात कोंडून ठेवू का? तुमच्या कॉलनीच्या मधी एवढी जागा पडलीय, तिथं डुकरं लोळायलीत. डुकरांइतका तरी मान द्या आमच्या पोरायला."

मी बिस्किटाचा पुडा बबलूच्या उशाशी ठेवला आन् घरी आले. तुम्ही असतात तर तिला नीट उत्तर दिलं असतं.

तर बाई, ती मधली मोकळी जागा आम्ही साफ करायला घेतलीय. वेडी बाभूळ माणसाच्या वर गेल्ती, गाजरगवत, लोकांच्या घराचं पाडकाम, कोणाचं तरी मोडकं संडासाचं भांडं. दर रविवारी चार-सहा बाया आन् दोन-तीन पुरुष येतात. मुरूम टाकून, त्यावर पाणी मारून, रोलर फिरवायचा असा विचार आहे. मंग झोके, घसरगुंडी, खो-खोचे खांब. कडंनं कडुलिंबाची रोपं.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं हे तुम्हाला माहीत आहे. कॉलनीतल्या सगळ्या बोअर फेब्रुवारीत आटतात, तुमची तेवढी उन्हाळाभर चालते. चावी तुमच्याकडं आहे. तातेरावांबरोबर पाठवली तर फार बरं होईल.

पोळ्या मऊ राहाव्या म्हनून तूप जास्त लावलंय. भाऊजींना एकच द्या.

तुमची
शालू


जालना,
१ फेब्रुवारी २०२५

बाई,

तातेराव आधी काही सांगेनात. "दिली चिठ्ठी, घेतल्या पोळ्या," एवढंच. मंग मी चहा ठेवला, खारी पुढं केली, तेव्हा कुठं तोंड उघडलं. म्हनले, "तुमच्या जाऊबाईनं चिठ्ठी उभ्यानं वाचली. मंग म्हनल्या, माझे वेल उपटताना कोणाला पाणी आठवलं न्हाई, आता बोअर बराबर आठवली व्हय. आन् म्हनल्या, वसंताला विचार, तेव्हा त्याच्या तोंडात काय व्हतं."

मी ह्यांना तसंच्या तसं सांगितलं. हे जेवत होते. हात थांबला. मंग ताटातलं संपवून उठले आन् अंगणात जाऊन उगंच नळाची तोटी आवळत बसले.

बाई, त्या दिवसावर आपण दोघी कधी बोललोच न्हाई. तुम्ही सामान बांधलं आन् गेलात. मी त्या दिवशी घरी नव्हते, आष्टीला माहेरी होते. आल्यावर बघितलं तर सगळं सपाट. तुमचा वाल, दोडका, गवार, लिंबाचं झाड, कढीपत्ता, सगळं जेसीबीनं एका कोपऱ्यात ढकललेलं. लिंबाला फुलं होती. कॉलनीतल्या कोणत्या घरात तुमची भाजी गेली न्हाई? कोणाच्या पोह्यात तुमचा कढीपत्ता न्हाई पडला? आन् त्यांच्याच कमिटीनं ठरवलं की चतुराबाईंनी मैदानावर कब्जा केलाय, जागा मुलांची आहे, मोकळी करा. सगळ्यात पुढं जगन्नाथ काका, सेक्रेटरी.

मुलांची म्हनून मोकळी केली आन् मंग तिथं एकही पोरगं खेळलं न्हाई. वर्षभरात बाभूळ उगवली. तुम्ही होतात तोवर निदान हिरवं होतं, संध्याकाळी बाया बसायच्या. तुम्ही गेलात तसं कॉलनीत कोणी कोणाच्या दारात जाईना. सगळ्यांनी गेट केले, गेटाला कुलपं केली. मला शेजारच्या नव्या बिऱ्हाडाचं आडनाव अजून माहीत न्हाई.

आता एक सांगायचं राह्यलं, ते सांगूनच टाकते. मी कॉलनीत सांगून बसलेय की बाईंनी पाणी दिलं. तुमचं उत्तर यायच्या आधीच सांगितलं. काय करू, त्या चार-सहा जणांशिवाय कोणी कामाला हातच लावीना. "पाणी कुठाय? पाण्याशिवाय मुरूम बसतो का?" हेच सगळ्यांचं. मी म्हनलं, चतुराबाईंनी बोअर दिलीय. दुसऱ्या रविवारी निम्मी कॉलनी फावडे घेऊन हजर. अरुंधती काकू, जगन्नाथ काकांच्या मिसेस, त्या म्हणाल्या, "चतुराबाईंचं मन मोठं आहे हो. आमची लायकी नव्हती."

तर आता तुमचं मन मोठं आहे असं सगळ्या कॉलनीला वाटून राह्यलंय. राग आला तर या आन् मला चार शब्द सुनवा. पण या.

शालू


जालना,
१७ फेब्रुवारी २०२५

बाई,

फुटलं माझं बिंग. जगन्नाथ काकांनी आभार मानायला म्हनून भाऊजींना फोन केला. भाऊजी साधे माणूस, ते म्हनले, "कोणतं पाणी?"

काल काकांच्या पोर्चमध्ये मीटिंग झाली. मी आधीच उभी राह्यले आन् म्हनलं, मी खोटं बोलले, बाईंनी पाणी दिलेलं न्हाई, आन् त्यांनी द्यावं असं आपण काही केलेलं पण न्हाई. मंग काका म्हणाले, "शालूताई, पाण्याचं बघू. टँकर मागवू. पण एक आधीच स्पष्ट करतो. मैदान झालं की त्याला गेट आणि कुलूप हवं. चाव्या रहिवाशांकडे. नाहीतर मागच्या खोल्यांमधली सगळी मुलं इथे येतील, तोडफोड होईल, आणि पुन्हा आपणच निस्तरायचं."

मालनबाई पायरीवर बसल्ती. दर रविवारी ती सगळ्यात आधी आल्ती. तिची पोरगी पाटीनं दगड उचलत होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आन् उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला परत खाली बसवलं.

तेव्हा हे उठले. तुम्हाला माहीत आहे हे मीटिंगला कसे बसतात, भिंतीला टेकून, खाली बघत. उठले आन् म्हनले, "मी बोलू का थोडं?"

मला वाटलं कारखान्यातून लोखंड आणायचं बोलतील.

म्हनले, "काका, त्या दिवशी जेसीबी चालू होता आन् माझी वहिनी तिथं त्या खांबाजवळ उभी होती. ती ओरडली न्हाई. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. माझं लग्न तिनं जमवलं, मला कारखान्यात चिकटवायला भाऊ फिरला तेव्हा माझा डबा तिनं केला. आन् मी खाली बघितलं, कारण सगळे एका बाजूला होते आन् मला ह्याच कॉलनीत राहायचं होतं. तुम्ही तेव्हा म्हनलात, जागा पोरांची आहे. बरं. मंग पोरं कुठं आली? आज परत आपण जागा मोकळी करायलो, आन् परत कोणाला तरी बाहेरच काढायलो. कुलूप लावायचं असंल तर लावा. मंग झोका आन् घसरगुंडी दुसऱ्या कोणाकडून बनवून घ्या. मी हात लावणार न्हाई."

आन् खाली बसले.

काका आत निघून गेले. मीटिंग तशीच मोडली. लोक चपला घालायला लागले तेवढ्यात अरुंधती काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. पहिला कप त्यांनी मालनबाईला दिला. मला हळूच म्हणाल्या, "त्यांना वेळ लागतो गं. पण ऐकू आलंय त्यांना."

तुम्ही विचारलं होतं, तेव्हा वसंताच्या तोंडात काय होतं. तेव्हा काही नव्हतं. काल होतं. उशीर झाला, पण तुम्हाला कळवावं वाटलं.

शालू


जालना,
९ मार्च २०२५

बाई,

ह्या वेळी मी काही कळवायची गरज न्हाई, कारण बातमी तुमच्याच अंगणात घडलीय. तरी माझ्या बाजूनं सांगते.

मंगळवारी सकाळी अरुंधती काकू आल्या आन् म्हणाल्या, "आमचे हे हसनाबादच्या बसमध्ये बसलेत. मला न्या म्हटलं तर म्हणाले, एकट्यानं जायचंय." म्हनलं आता काका तिथं जाऊन नियम सांगतील, बाई त्यांना सुपानं मारतील, आन् मैदान राह्यलं बाजूला.

संध्याकाळी काका आले ते सरळ मैदानावर. आम्ही बाया दगड वेचत होतो. काका त्या पाडकामाच्या ढिगावर बसले. बुटांवर धूळ, शर्टाला हरभऱ्याचा भुसा. इतकी वर्षं बघतेय, काकांना असं मळलेलं कधी बघितलं न्हाई.

म्हणाले, "शालूताई, तुमच्या जाऊबाईंनी मला बस म्हटलं नाही. त्या हरभरा पाखडत होत्या. मी उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. मग त्यांनी दुसरं सूप माझ्याकडे सरकवलं."

मी विचारलं, "तुम्हाला पाखडता येतं काका?"

म्हणाले, "नाही. निम्मा हरभरा खाली सांडला. त्या म्हणाल्या, राहू द्या, कोंबड्या खातील."

मंग त्यांनी माफी मागितली म्हने. आन् तुम्ही म्हनलात, "मला कामून मागता? माझे वेल गेले, ते म्या गावाकडं परत लावले. पोरायची जागा गेली, ती त्यायला कुठं लावता येती? माफी त्यायला मागा."

हे सांगताना काकांनी चष्मा काढला. बँकेत साहेब होते बाई, आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्या. त्या ढिगावर बसून रुमालानं चष्मा पुसत राह्यले.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या खोल्यांकडं गेले. एकटेच. मालनबाई मला नंतर सांगत होती. दारात उभे राहून तिच्या बबलूला म्हणाले, "बाळा, मैदानाची मागची भिंत आहे ना, तिच्यात आपण एक वाट काढू. म्हणजे तुम्हाला रस्त्यावरून वळसा घालायला नको." बबलूनं विचारलं, "बॅट आणली तर चालंल का?" काका म्हणाले, "मला अंपायर कराल का?" पोरगं लगेच हो म्हनलं न्हाई. म्हनलं, "मित्रायला विचारून सांगतो."

ह्यांनी शनिवारी भिंतीच्या विटा काढल्या. माणूस सहज जाईल एवढी वाट केली. दार न्हाई बसवलं. घसरगुंडीचं वेल्डिंग पण सुरू केलंय, घरात सगळीकडं लोखंडाचा कीस झालाय.

पाण्याचं मी विचारत न्हाई. काका पण म्हणाले, त्यांनी विचारलं न्हाई. म्हणाले, "मागायला गेलो नव्हतो."

शालू


जालना,
२ एप्रिल २०२५

बाई,

पाडव्याला मैदान सुरू झालं. तुम्ही याल असं मला वाटत होतं. सकाळपासून बसच्या वेळा धरून मी तीनदा कोपऱ्यावर जाऊन आले. काही कामाचं निमित्त करून जात होते, म्हनजे ह्यांना कळू नये. ह्यांना कळलंच. म्हनले, "वहिनी आली तर घर तिला माहीत आहे."

मुरूम कसा बसवला ते ऐका. टँकर एक आला, दुसरा येतो म्हनून आलाच न्हाई. उन्हाळ्यात सगळ्या शहराला पाणी पाहिजे, त्यांना आमचं मैदान कुठं दिसतं. मुरूम तसाच कोरडा, पाय ठेवला की धूळ. मंग नळाला पाणी आलं त्या दिवशी मी एक घागर नेऊन मैदानावर ओतली. एका घागरीनं काय होतंय, पण राग आल्ता म्हनून ओतली. थोड्या वेळानं बघते तर शेजारच्या नव्या बिऱ्हाडातली बाई बादली घेऊन आली. अर्पिता तिचं नाव, लेकरू कडेवर. मंग अरुंधती काकू. मंग मागच्या वाटेनं खोल्यांतल्या बाया आल्या, ओळीनं. बाई, त्यांच्याकडं नळ पण न्हाई. एका हातपंपावर अख्खी गल्ली. मी मालनबाईला म्हनलं, "तुमी कामून? तुमाला प्यायला पुरत न्हाई." ती म्हनली, "पोरं आमची पण पडणारेत ना तिथं. मऊ पाह्यजे."

दुपारपर्यंत चालू होतं. पुरुष रोलर ओढत होते, पोरं रोलरच्या मागं अनवाणी. ओल्या मुरुमाचा वास सुटला. कोण कुठल्या घरातलं हे त्या दिवशी कोणाला विचारावं लागलं न्हाई, कारण बादल्या बदलल्या होत्या. माझी घागर अजून सापडली न्हाई, आन् माझ्याकडं दोन बादल्या जास्तीच्या आहेत.

पाडव्याला नारळ कोणी फोडायचा यावर वाद नको म्हनून काकांनी सगळ्यात लहान पोराच्या हातात दिला. त्याला फुटेना. तीन-चार जणांनी मिळून फोडला. बबलू काठी घेऊन आल्ता, पाय अजून ओढतो थोडा. विकेटच्या मागं उभं राह्यचं त्यानं कबूल केलं, पळायला नको म्हनून.

संध्याकाळी सगळ्यांना घरी जायचंच नव्हतं. टायर अर्धे पुरून बसायला केलेत, त्यावर बाया बसल्या. आष्टीकडची, परतूरची, भोकरदनची, ज्याची त्याची गावं निघाली. ह्यांना मी बघितलं, झोक्याच्या खांबाला हात लावून एकटे उभे होते. सगळे कौतुक करत होते ह्यांच्या कामाचं, पण ज्या माणसानं म्हनावं वाटत होतं ते माणूस नव्हतं.

मला आता पाणी नको बाई. सांगायचं होतं ते हेच. ते मागत बसले म्हनून तुम्हाला वाटलं असेल, शालूला बोअर पाह्यजे. पहिल्या चिठ्ठीत मला ते लिहायला सोपं गेलं, एवढंच. मला तुम्ही पाह्यजे होतात. दुपारी भाजी निवडताना समोर कोणी नसतं.

माझी आई आष्टीला न्हाणीत पडलीय, असा आत्ता फोन आला. मी उद्या सकाळी निघते. किती दिवस लागतात माहीत न्हाई. रोपांना पाणी घालायला ह्यांना सांगितलंय, पण ह्यांच्या पाळ्या बदलत्या असतात.

शालू


आष्टी,
२४ एप्रिल २०२५

बाई,

हे पत्र कुठं पाठवावं तेच कळत न्हाई. आधी हसनाबाद लिहिलं, मंग खोडलं.

रात्री ह्यांचा फोन आला. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ती बरी आहे, हे सगळं ऐकून घेतलं, तरी फोन ठेवेनात. मी म्हनलं, काय झालं. तर म्हनले, "कोपऱ्यावरच्या घराचं दार उघडं आहे. मी ड्युटीवरून आलो तर अंगणात सडा होता."

मी विचारलं, बोललात का? म्हनले, "मी गेटापाशी थांबलो. आतून आवाज आला, जेवून जा म्हनून. बाकी काही न्हाई. जेवलो. पिठलं होतं."

एवढंच सांगितलं आन् फोन ठेवला. ह्यांचा आवाज मला वेगळा वाटला. मी आईच्या उशाशी बसून रडले. आई घाबरली, तिला वाटलं डॉक्टरांनी काही सांगितलं.

बाई, खरंच आलात का?

शालू


जालना,
११ मे २०२५

शालू,

आशीर्वाद. तुही चिठ्ठी वसंतानं आनून दिली. पाकिटावर पत्ता नीट लिहीत जा, खाडाखोड करून पोस्टमनला कोड्यात टाकतीस.

व्हय, आले. तुहे भाऊजी गावाकडंच हायेत, पेरनीचं बघायचं हाय. म्या म्हनलं तुमी शेत बघा, म्या घर बघते. पाडव्याची चिठ्ठी वाचली तवा म्या जेवायला बसल्ते. खोल्यातल्या बाया पानी घालायल्या हे वाचलं आन् घास खाली उतरंना. त्यायच्या घरी प्यायला पानी न्हाई आन् माह्या घरात बोअर कुलपात. माहा राग कोनावर आन् तहानलं कोन. मंग हरभरा इकून झाला, घर आवरलं आन् तातेरावच्या गाडीत बसून आले.

बोअर चालू केली. पहिल्यांदा लाल पानी आलं, मंग चांगलं आलं. मागच्या वाटंनं एक नळी खोल्यांकडं बी सोडलीय. काकानं विचारलं, चतुराबाई, बिलाचं काय करायचं. म्या म्हनलं, तुमच्या गप्पा बंद करा आन् नळी धरा. धरली.

तुमचं मैदान बघितलं. चुका लई केल्यात. घसरगुंडी लोखंडाची केली वसंतानं, आन् तीबी उन्हात. दुपारी पोरं बसली की बोंबलत उठतात. म्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर पानी मारलं आन् वसंताला म्हनलं, शहाण्या, वर जाळी बांध. त्यानं बांधली. कडुलिंबाची रोपं भिंतीला चिकटून लावलीत, मोठी झाली की भिंत पाडतील. चार उपटून अलीकडं घेतली. कोनी काही म्हनलं न्हाई. कोनी अडवतंय का बघावं म्हनून म्या जराशी वाट बी बघितली.

पोरं चांगली हायेत. बबलूची काठी सुटली. काका शिट्टी वाजवतो आन् पोरं त्याचं बिलकुल ऐकत न्हाईत. त्याची नात गंधाली पुन्याहून सुट्टीला आलीय, ती दिवसभर मालनबाईच्या पोरीसंगं असती. अरुंधती तिला जेवायला हाका मारून दमती.

आता तुहं आन् माहं. वसंता रोज ड्युटीवरून येऊन माह्या अंगनात बसतो. मीटिंगमधी काय म्हनला ते त्यानं मला अजून सांगितलं न्हाई. म्या बी सांगितलं न्हाई की मला ठावं हाय. असू दे. त्याला भाकरी वाढली की तो खातो, तेवढ्यात समदं येतं. पर तुला सांगते. त्या दिवशी मला राग त्याचा आल्ता. त्याला तिथंच चार शब्द सुनवून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. ते न्हाई जमलं. मंग तुह्यावर धरला. तू तर तिथं नव्हतीस बी. तुह्यावर धरला, कारन तू मला सोडनार न्हाईस हे मनात ठावं व्हतं. दुसऱ्या कोनावर धरला असता तर त्यो दोन दिवसांत इसरला असता.

चिठ्ठ्या समद्या वाचल्या. तातेरावला म्या सांगायचे, चुलीत घातल्या म्हनून. माहं ते खोटं त्यानं तुला सांगितलं न्हाई, हे बरं केलं.

मायला चालती होऊ दे, मंगच ये. घाई करू नको. तुह्या घरातल्या तुळशीला पानी घालते. तुही घागर अर्पिताकडं सापडली.

थांब जरा. झोक्यावर कालवा चालू झाला. गंधाली आन् मालनबाईची पोरगी, दोघी उतरायला तयार न्हाईत. बघून येते, मंग पाकीट चिकटवते.

आले. भांडन मिटलं. दोघी एकाच झोक्यावर हुब्या राहून घ्यायल्यात. म्या म्हनलं, पडचाल गं. तर मलाच म्हनतात, आजी, तुमी बी बसा, आमी ढकलतो. म्या न्हाई म्हनलं. पदर धरून ओढत नेलं मला. आजूबाजूला कोनी मोठं मानूस नव्हतं म्हनून बसले. लई वर गेल्ता गं. तुह्या गच्चीवर म्या वाळत घातलेली कुरडई दिसली.

वसंताला सांगू नको.

चतुरा